ओहोटीला पळणारा माणूस

रत्नागिरीत त्या काळी मोठा माणूस तीनच कारणांनी रस्त्यावरून पळत असे. एसटी सुटत असली तर, कुत्रं मागे लागलं तर, नाहीतर घरात कुणाचं बरंवाईट झालं तर. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा आमच्या मालकांनी यात चौथं कारण आणलं आणि पहिल्याच सकाळी खालची आळी हादरवून सोडली.

मालक म्हणजे मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो ते गृहस्थ. बंदर खात्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. मी घाटावरून इथल्या कॉलेजात इतिहास शिकवायला आलेलो. ते मला 'प्राध्यापक' म्हणत. त्यात आदर किती आणि कीव किती, याचा निकाल मला शेवटपर्यंत लावता आला नाही. मी जाड होतो. ते अवाढव्य होते. एसटीत तिघांच्या बाकावर ते आणि खिडकी एवढेच मावत. कंडक्टर तिकिटं देत त्यांच्यापाशी आला की दोघं एकमेकांकडे बघून नमस्कार करत आणि पुढचा व्यवहार लांबूनच होई.

तर त्या सकाळी मालक पायजम्यावर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून निघाले आणि आळीच्या तोंडाशी येईपर्यंत पळाले. दूधवाल्याने सायकल टाकली. "काय झालं वो? वहिनींस काय झालं?" मालकांना दम लागलेला, तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी हाताने 'काही नाही' अशी खूण केली. ती दूधवाल्याला 'आता काही उरलं नाही' अशी दिसली. कुणीतरी स्कूटर काढली, "बसा मागं, बोलू नका," म्हणत त्यांना मागे बसवलं आणि थेट सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. इकडे आळीतल्या बायका आमच्या ओटीवर जमल्या. वहिनी, म्हणजे मालकांची पत्नी, स्वयंपाकघरात घावन घालत होत्या. दारात एवढ्या बायका आणि सगळ्यांचे पदर डोळ्यांना, हे बघून त्यांच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

"पहिला धडा मिळाला," मालक संध्याकाळी मला म्हणाले. "पळताना बोलता आलं पाहिजे. नायतर लोक तुमच्या घरात मयत घालतात."

हॉस्पिटलात गेलेच होते म्हणून तिथल्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं. रक्तदाब घेतला, छातीचा आलेख काढला, आणि विचारलं, "पळायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. आमच्या घरातले पुरुष पन्नाशी बघत नाहीत. बाबा गेले, दोन्ही काका गेले. सगळे छातीने. मला बघायचीय."

"मग पळू नका. चाला. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत नुसतं चाला. मग माझ्याकडे या."

दुसरा कुणी असता तर तिथेच संपलं असतं. मालक कचेरीतले असल्यामुळे वरून आलेला हुकूम पाळायची त्यांना सवय होती. ते दिवाळीपासून शिमग्यापर्यंत नुसतं चालले. एकदाही पळाले नाहीत. एकदा तर त्यांच्या डोळ्यांदेखत एसटी सुटली तरी नाही.

मी त्यांच्यात कसा सामील झालो ते आता नीट आठवत नाही. बहुधा जिन्यामुळे. माझ्या माडीचा जिना चढून वर आलो की मला क्षणभर कठड्याला धरून उभं राहावं लागे. खालून मालक म्हणत, "प्राध्यापक, इतिहासात कोण कोण जिन्यावर गेलं ते बघून ठेवा."

त्यांचं पळणं रस्त्यावर होणं शक्य नव्हतं. आमच्याकडे माणूस दिसला की 'कुठं निघालात?' विचारायची रीत आहे, आणि 'कुठंच नाही' हे उत्तर असू शकतं यावर कुणाचा विश्वास नाही. म्हणून मालकांनी भाट्याची पुळण निवडली. पूल ओलांडला की समोर लांबच लांब सरळ किनारा. पण तिथे घड्याळ चालत नाही. भरतीला उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत वाळू. त्यात जड माणसाचा घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. ओहोटीला पाणी मागे हटलं की खाली ओली, घट्ट, तरीही मऊ जमीन उघडी पडते. डांबरासारखी गुडघ्यांवर उलटत नाही, आणि आमच्या कातळासारखी तर नाहीच नाही. तेव्हा मालकांचं पळणं ओहोटीला बांधलेलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे सकाळी-संध्याकाळी ओहोटी, म्हणजे पळायचं. अष्टमीच्या सुमाराला सकाळी पाणी वर, म्हणजे घरी बसायचं.

"जाड माणसाचा घात होतो तो उत्साहाने," ते म्हणत. "रोज पळतो आणि गुडघा धरून बसतो. समुद्र सुट्टी देतो, ती घ्यायची. त्याला आपल्यापेक्षा अनुभव जास्त."

एकादशीला उपास करणारे पुष्कळ पाहिले होते. अष्टमीला आराम करणारा हा एकच.

त्यांच्याबरोबर हळूहळू चार-पाच माणसं जमली. सगळी आमच्यासारखीच, म्हणजे फोटोत मागच्या रांगेत उभी केली जाणारी. त्यांच्यातले राजिवड्याचे बेकरीवाले चाचा मला विशेष आठवतात. आखातात काही वर्षं काढून परतलेले, आणि तिथली सगळी कमाई पोटाभोवती सांभाळून आणलेले. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "मालक, आपण सगळे एकदम पळालो तर समुद्र वर येईल. मिरकरवाड्यात बोटी सुटतील, सांगून ठेवा."

किनार्‍यावर होड्या ओढून ठेवलेल्या असत. एका होडीपासून दुसरीपर्यंत पळायचं, तिथून तिसरीपर्यंत चालायचं, असा मालकांचा हिशेब. आठवड्यांमागून आठवडे तो बदलत नसे. आमच्यातल्या कुणी म्हटलं, की आज बरं वाटतंय, दोन होड्या पळू या, तर मालक तिथेच थांबत. "बरं वाटतंय म्हणजे काल केलं ते योग्य होतं. आज बिघडवायचं कशाला?"

आणि तो प्रश्नाचा नियम. पळताना शेजारच्याने मध्येच काहीतरी विचारायचं, आणि उत्तर पूर्ण वाक्यात यायला हवं. नाही आलं तर दोघांनीही चालायचं, मुकाट्याने, कुरकुर न करता.

"चाचा, काल काय शिजलं?"

"सुरमई."

"एक शब्द नाय चालणार. वाक्य."

"सुरमई शिजली होती, तिखलं झकास झालं होतं, आणि तुमच्या नशिबात नव्हतं."

"शाबास. पळा."

बाकी त्यांच्या सूचना अगदीच घरगुती होत्या. बूट एक माप मोठे घ्या, कारण पाय फुगतात. मांड्यांना आतून खोबरेल चोपडा, नाहीतर घासून साल निघते. पळून आल्यावर लगेच बसू नका, मीठ घातलेलं कोकमाचं पाणी घ्या. छातीत, खांद्यात, जबड्यात काही वेगळं वाटलं तर पुरुषार्थ दाखवू नका, डॉक्टर गाठा. पावसाळ्यात किनारा बंद, तेव्हा ते बंदरावरच्या रिकाम्या शेडमध्ये येरझार्‍या घालत आणि आम्ही मागून चालत असू. दुरून बघणार्‍याला वाटावं की एखाद्या ऐतिहासिक तहाची बोलणी चाललीत.

एकच गोष्ट त्यांना सहन होत नसे. कुणी मागून वेगाने पुढे गेलं आणि वळून हसलं, की त्यांचा चेहरा पडे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं असायची. मालक त्यांच्याकडे बघत नसत, समुद्राकडे बघत. मी तेव्हा समजलो की हा माणूस स्थितप्रज्ञ आहे. वाचनाचा हा एक तोटा. माणसात जे नसतं ते आपण पुस्तकातून आणून तिथे ठेवतो.

दोन वर्षांत मालक उतरले. नाट्यमय काही झालं नाही. सदरे आधी ढगळ झाले, मग वहिनींनी ते उसवून शिवले, मग एक दिवस एसटीत त्यांच्या शेजारी एक बाई बसली. तिच्या मांडीवर मूलही होतं. त्या दिवशी मालकांनी घरी येऊन मला खाली बोलावलं आणि ही बातमी सांगितली. डॉक्टरांनीही रक्तदाबाचं यंत्र पुन्हा तपासून बघितलं म्हणे.

आणि मग गावाला कळलं.

सत्काराची आमच्याकडची पद्धत ठरलेली. हार, नारळ, प्रास्ताविक, परिचय, मनोगत, आभार, आणि मग जेवण. माणूस बारीक झाला म्हणून त्याला जेवायला बोलावण्यात कुणालाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. आधी आळीच्या मंडळाने केला. मग कचेरीतल्या लोकांनी. मग एका क्लबाने, ज्याच्या अध्यक्षांची ओळख करून द्यायलाच हवी. आंब्याचे व्यापारी. त्यांच्या लेटरहेडवर पदांची यादी इतकी लांब, की पत्र लिहायला खाली चार ओळींची जागा राही. त्यामुळे त्यांची पत्रं मुद्देसूद असत. त्यांनी मालकांना 'क्रीडामहर्षी' ही पदवी दिली. ती देण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला होता हे मी शोधत बसलो नाही. इतिहासात असे बरेच अधिकार बेवारस सापडतात.

जेवणं काही साधी नसत. उकडीचे मोदक, तूप ओतून. ओल्या काजूची उसळ. हंगाम असला तर आमरस. मालक पहिल्यांदा हात आडवा धरत. मग यजमानीण म्हणे, "अहो, तुम्हाला काय भीती आता? उद्या पळून जिरवाल!" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं की ते कुठल्यातरी आरतीत असावं अशी माझी खात्री झाली.

मनोगतं मी पहिल्यापासून ऐकली. पहिल्या सभेत मालक बुटांचं माप, खोबरेल आणि ओहोटी यांवर बोलले. लोक हिरमुसले. खोबरेलाच्या वेळी तर मागे बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि सभेच्या अध्यक्षांनी घसा साफ केला. नंतर कुणीतरी त्यांना बाजूला घेऊन म्हणालं, "जरा उदात्त बोला हो." पुढल्या सभेत मांड्या गेल्या. त्याच्या पुढल्या सभेत ओहोटी गेली आणि जिद्द आली. हातखंब्याच्या सभेपर्यंत राष्ट्र आलं होतं. मंडणगडला मी गेलो नव्हतो, पण तिथे ते विश्वाबद्दल बोलले असं ऐकलं. मंडणगड म्हणजे जायला एक दिवस, यायला एक दिवस. त्या दोन दिवसांत भाट्याला सुंदर ओहोटी होती. आम्ही पळालो. मालक एसटीत बसून होते.

असे दिवस वाढत गेले. सुरुवातीला ते कारण सांगत, मग नुसतं "व्याप वाढलाय" म्हणू लागले, मग काहीच म्हणेनासे झाले. वहिनींनी उसवून शिवलेले सदरे पुन्हा उसवले. मी एकदा, शक्य तितक्या हळू आवाजात, म्हणालो, "मालक, पुन्हा होडी ते होडी सुरू करू या. अगदी पहिल्यापासून. चालण्यापासून."

ते ओटीवर बसून पुढल्या भाषणाची जुळवाजुळव करत होते. त्यांनी वर बघितलं. "मी आता चालत निघालो, तर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, चाललेत."

"तुम्हाला नाय कळायचं ते. तुम्ही बाहेरचे."

सात-आठ वर्षं एका घरात राहून मी बाहेरचा होतो हे मला त्या दिवशी कळलं. चाचांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "प्राध्यापक, पाव फुगला की भट्टीतून काढायचा असतो. ह्यांना कोणी काढत नाय, सगळे अजून फुगतोय का बघतायत."

मग अध्यक्षांनी दौड काढली. सव्वीस जानेवारी, सकाळी सात, भाट्याच्या पुळणीवरून. मोठे पाहुणे मुंबईहून यायचे. मशाल घेऊन सगळ्यांच्या पुढे क्रीडामहर्षी. तारीख ठरली त्या बैठकीत मालक व्यासपीठावर होते. त्या दिवशी अष्टमी होती. सकाळी सातला तिथे पळायला जागा नसणार, हे राजिवड्यातल्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. मालकांनी तर बंदराच्या कचेरीत उभा जन्म भरती-ओहोटीचे तक्ते फळ्यावर लावण्यात घालवलेला. त्यांनी मान डोलावली. मला वाटतं, पहिल्या रांगेकडे तोंड करून बसलेल्या माणसाला समुद्र पाठीमागे असतो.

दोन दिवस आधी कुणाच्यातरी लक्षात आलं आणि मार्ग बदलला. पुळणीऐवजी बंदराकडून वरच्या गावाकडे चढत जाणारा डांबरी रस्ता. नवे फलक छापून झाले.

सकाळी सातला आम्ही सगळे जमलो. अध्यक्षांनी पळणार्‍यांसाठी शिरा आणि बटाटेवडे ठेवले होते. पाहुणे आले नव्हते. आठ वाजले, नऊ वाजले. कागदी टोप्या घालून उन्हात उभी असलेली मुलं एकमेकांच्या टोप्या उडवायला लागली. मालकांना तीन वेळा खाण्याचा आग्रह झाला आणि त्यांनी तो तीनही वेळा मानला. पाहुणे आले तेव्हा साडेदहा होऊन गेले होते, आणि गंमत म्हणजे तोवर ओहोटी लागून भाट्याचा किनारा खाली मोकळा, ओला, तयार पडला होता. पण मार्ग छापून झाला होता.

बँड वाजला. पाहुण्यांनी मशाल पेटवून मालकांच्या हातात दिली, फोटोसाठी परत घेतली, परत दिली. आम्ही निघालो. मी मालकांच्या उजवीकडे, चाचा डावीकडे. सपाटीवर ठीक चाललं होतं. चढ लागला आणि मालकांच्या श्वासाचा आवाज बँडवरही ऐकू यायला लागला. कडेला दोन्ही बाजूंना माणसं. कुणीतरी ओरडलं, "महर्षी, आज काय बैलगाडी जोडलीय काय मागं?" हशा पिकला. मालकांनी वेग वाढवला.

मी विचारलं, "मालक, काल काय शिजलं?"

उत्तर आलं नाही. त्यांनी मशाल उंच धरली.

"मालक, काल काय शिजलं ते सांगा. वाक्यात."

चाचांनी हात पुढे केला. "आणा ती मशाल हिकडं. चला, चालू या. आपलं ठरलेलं आहे ना? चाला."

"लोक बघतायत," मालक म्हणाले. तेवढं बोलायला त्यांना दोन श्वास लागले. मी त्यांचा दंड धरला. तो त्यांनी हिसडा देऊन सोडवून घेतला. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच झिडकारलं होतं, आणि त्यांचा चेहरा मी तेव्हा जवळून पाहिला. त्यात राग नव्हता. आपल्याला आता कुणी मागे ओढेल अशी लहान मुलासारखी भीती होती.

वळणावर जांभ्या दगडाचा एक गडगा, म्हणजे बुटकी कुंपणाची भिंत, आहे. तिथे ते थांबले. आधी त्यांनी मशाल काळजीपूर्वक गडग्याला टेकवून ठेवली. मग तेही टेकले आणि घसरत खाली बसले. डावा हात छातीवर. चाचांनी एक टेम्पो आडवून उभा केला. बँड पुढे होता. तो वाजत वाजत वर गेला. वरच्या चौकात अध्यक्षांनी दौड यशस्वी झाल्याचं जाहीर केलं, असं मागाहून कळलं.

मालक वाचले. मुंबईला नेलं, परत आणलं, पण निम्मं हृदय निकामी झालं होतं. डॉक्टर तेच, पहिल्या दिवसाचे. त्यांनी मला बाहेर घेऊन विचारलं, "रोज पळत होते ना?" मी म्हटलं, "वर्षभर नाही." डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

गावाने मात्र निष्कर्ष काढायला आठवडाही घेतला नाही. 'जाड माणसाने पळू नये.' चाचांच्या मुलांनी त्यांचे बूट लपवून ठेवले. "अब्बा, त्या महर्षींचं बघितलंत ना?" बाकीचे आपणहून यायचे थांबले, एकाच्या बायकोने शपथ घातली, दुसर्‍याच्या आईने नवस केला. मी काही दिवस सांगत फिरलो, की ते पळाल्यामुळे नाही पडले, पळणं सोडून एकदम पळाल्यामुळे पडले. लोक ऐकून घेत आणि म्हणत, "तेच ते." आजही मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याचीच. होडी ते होडी चालणारी, एकमेकांना जेवणाबद्दल विचारणारी ती चार-पाच जाड माणसं त्या किनार्‍यावर बरी चालली होती. त्यांना कुणाशी शर्यत नव्हती. त्यांच्यापैकी कुणाला कुणी फोटोत पुढे बोलावलं नसतं तर ती अजून काही वर्षं तशीच चालली असती.

आजारात मालक बारीक झाले; पूर्वी पळून झाले होते त्याहून अधिक. एक ओळखीचे गृहस्थ भेटायला आले, बर्‍याच दिवसांनी, त्यांना बहुधा काही माहीत नव्हतं. "वा! काय उतरलात! पळणं मानवलं म्हणायचं."

"होय," मालक म्हणाले. "जरा उशिरा मानवलं."

ते गेल्यावर मालकांनी उशी पाठीशी ओढून घेतली. मग म्हणाले, "प्राध्यापक, शाळेत ड्रिलच्या तासाला मला दप्तरं राखायला बसवत. मास्तर चांगले होते, चिडवू नये म्हणून बसवत. सगळी पोरं पळायची आणि मी दप्तरं राखायचो. त्यामुळे काय झालं, टाळी म्हणून जी असते, ती माझ्यासाठी पहिल्यांदा वाजली ती त्या मंडळाच्या सभेत. काय सांगू तुम्हाला. मोदक त्याच्यापुढे काहीच नाय."

मी म्हटलं, "कळतं मला."

"नाय कळत. तुम्हाला रोज पोरं उठून उभी राहतात."

खरं होतं. मला नाही कळत.

डॉक्टरांच्या परवानगीने ते पुन्हा चालू लागले. आधी खाटेपासून ओटीपर्यंत. मग ओटीपासून विहिरीपर्यंत. मी कॉलेजातून आलो की त्यांच्याबरोबर चाले. ते खाली बघत, प्रत्येक पाऊल जागेवर ठेवून चालत, आणि विहिरीच्या कठड्याला हात लागला की मान वर करून बघत. कुणी बघत नसे. माझं म्हणाल तर, त्यांनी केलेलं सगळ्यात अवघड काम मी तेव्हा पाहिलं. त्यांना पन्नासावं लागलं त्या दिवशी ते फाटकापर्यंत गेले. फाटकाची कडी धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बाबांना मागं टाकलं."

"आता?"

"आता काय. आमच्या घरातलं ह्याच्यापुढं कुणी गेलेलं नाय. वाट विचारायची कुणाला?"

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. गणपती झाले आणि पितृपक्षात, दुपारच्या झोपेत गेले.

शोकसभा क्लबाच्या सभागृहात झाली. अध्यक्ष म्हणाले, महर्षी धावता धावता गेले. आणखी कुणी म्हणालं, त्यांनी राष्ट्राच्या आरोग्यासाठी देह झिजवला. मागच्या रांगेत दोघं कुजबुजत होते, "पळाला म्हणून गेला, नायतर हत्तीसारखा जगला असता." मग त्यांच्या नावाने फिरता चषक जाहीर झाला, दर सव्वीस जानेवारीच्या दौडीत सर्वांत जलद धावणार्‍यास. टाळ्या वाजल्या. चाचा माझ्या शेजारी होते. ते उठून बाहेर गेले आणि पायरीवर जाऊन बसले.

मला बोलायला कुणी सांगितलं नाही, आणि मी काय बोललो असतो? मांड्यांना खोबरेल लावा, एवढंच.

तेराव्यानंतर एका संध्याकाळी वहिनींनी मला खाली बोलावलं. घर रिकामं झालं होतं, पाहुणे गेले होते. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्यापुढे त्यांनी पाट सरकवला. मग म्हणाल्या, "तुम्ही रोज बरोबर असायचात. तुम्ही खरं सांगा. हे पळाले म्हणून गेले का हो?"

"नाही वहिनी. पळायचे थांबले म्हणून."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते ठाऊक असावं. त्यांनीच सदरे उसवले होते.

"थांबवायला हवं होतं त्या सभांना," मी म्हणालो. "कुणीतरी सांगायला हवं होतं."

"मी सांगणार होते," वहिनी म्हणाल्या. "खूपदा ठरवलं. पण ते काय व्हायचं, सभेला मलाही न्यायचे. ह्यांच्या शेजारी खुर्ची ठेवायचे, वर, सगळ्यांच्या समोर. लग्न होऊन आले तेव्हापासून कुठल्या कार्याला गेले तर मी आपली स्वयंपाकघरात. आणि तिथे एकदा त्या अध्यक्षांच्या बायकोने येऊन माझी ओटी भरली. माइकवरून माझं नाव घेतलं." पदराचं टोक त्यांनी बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मलाही आवडायचं हो," त्या म्हणाल्या.